सोळावे अक्षर : हॉलंडमधल्या 'एंग्लंडश्पील'ची चिरफाड

६ मार्च १९४२ रोजी संध्याकाळी हेग शहरातल्या फारेनहाइटस्ट्राट या रस्त्यावर हूब लाउवर्स नावाचा वायरलेस ऑपरेटर पकडला गेला. लंडनमधल्या एसओई या घातपात-संघटनेने आधीच्या नोव्हेंबरात त्याला आणि टाइस टाकोनिसला पॅराशूटने जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये उतरवले होते. त्या संध्याकाळी लाउवर्सच्या खिशात पाठवायचे राहिलेले तीन संदेश होते, सांकेतिक लिपीत लिहून तयार. तीन दिवसांनी टाकोनिसही सापडला. त्यानंतर जर्मन हेरखात्याने लाउवर्सच्या संचावरून लंडनशी बोलणे चालू ठेवले आणि हे बोलणे दोन वर्षे चालले. पन्नासहून अधिक एजंट लंडनने विमानातून थेट जर्मनांच्या हाती सोडले. जर्मन लोक याला 'एंग्लंडश्पील' म्हणत, म्हणजे इंग्लंडशी मांडलेला डाव.

जर्मन बाजूला दोन माणसे होती. लष्करी हेरखात्याचा, म्हणजे अबवेहरचा, मेजर हेर्मान गिस्केस आणि एसएस या नाझी दलाच्या सुरक्षा पोलिसांचा योसेफ श्रायडर. दोन्ही खाती एरवी एकमेकांना पाण्यात पाहत, पण इथे त्यांनी काम वाटून घेतले : वायरलेस गिस्केसकडे, कैदी श्रायडरकडे. मोहिमेचे नाव 'नॉर्डपोल', उत्तर ध्रुव. रिडरहोफ या डच खबऱ्याने पॅराशूटने येणाऱ्या मालाची बातमी आणली, तेव्हा गिस्केसने वैतागून शेरा मारला होता की असल्या गोष्टी घेऊन उत्तर ध्रुवावर जा. बातमी खरी निघाली आणि शेऱ्याचेच नाव झाले.

बोलते कसे केले

लाउवर्सला मारहाणीने बोलता केले नाही. रिडरहोफ हा मालवाहतुकीची सोय करणारा माणूस म्हणून टाकोनिसच्या गोटात आधीच शिरला होता. त्याच्यामार्फत गिस्केसने एक बनावट बातमी पेरली : 'प्रिन्झ ऑयगन' ही जर्मन युद्धनौका स्खीडामच्या गोदीत आहे. टाकोनिसने ती लाउवर्सला दिली आणि लाउवर्सने लिपीबद्ध केली. पकडल्यावर गिस्केसने त्याला शांतपणे सांगितले की तुझ्या खिशातल्या एका कागदावर 'प्रिन्झ ऑयगन'विषयी लिहिले आहे. ऐकणाऱ्याला वाटणार की यांनी लिपी फोडली. मजकूर आधीच ठाऊक असला तर लिपी फोडायला मदत होते हे खरे, पण त्याहून मोठे काम त्या एका वाक्याने केले. सगळे कळले आहेच, मग लपवायचे काय, असे कैद्याला वाटू लागले.

लाउवर्स मात्र अगदीच मोकळ्या हाताने बसला नव्हता. एसओईच्या प्रशिक्षणात सांगितलेले असे : पकडले गेलात तर लिपी द्या, हवे तर त्यांच्यासाठी संदेशही पाठवा, फक्त सुरक्षा-खूण देऊ नका. खूण नसली की लंडनला कळेल. लाउवर्सची खूण अशी होती की प्रत्येक संदेशात सोळाव्या अक्षराला मुद्दाम चूक करायची. चूक असली तर माणूस मोकळा आहे. संदेश बिनचूक आला तर काहीतरी बिनसले आहे.

आता अडचण अशी की खिशातले तीन संदेश जर्मनांच्या टेबलावर होते आणि त्यांत चुका होत्याच. इथे त्याचे नशीब उघडले. दोन संदेशांत ती चूक नेमकी 'स्टॉप' या शब्दात पडली होती. इंग्रजी तारेत वाक्य संपले की एस-टी-ओ-पी लिहीत. एका ठिकाणी 'ओ'चा 'आय' झाला होता, दुसऱ्या ठिकाणी 'ई'. लाउवर्सने गिस्केसला सांगितले की माझी खूण म्हणजे संदेशात एकदा 'स्टॉप'चे 'स्टिप' किंवा 'स्टेप' करायचे. टेबलावरच्या कागदांशी ते जुळत होते. गिस्केसने मानले. १२ मार्चला जर्मनांच्या ताब्यातून पहिला संदेश गेला : 'स्टेप'ची बनावट खूण जागेवर आणि सोळावे अक्षर स्वच्छ, बिनचूक.

लाउवर्सच्या बाजूने यात करायचे काही राहिले नव्हते. धोक्याची घंटा त्याने वाजवली होती. लंडनने उत्तर दिले, कामाला लागा, नवा माणूस पाठवतो आहोत.

लंडनच्या टेबलावर काय झाले

हे समजायला त्या काळची लिपी हातात घेऊन पाहावी लागते. एसओईच्या एजंटला साधारणपणे एक कविता पाठ करायला लावत. संदेशाच्या वेळी त्याने कवितेतले पाच शब्द निवडायचे, त्यांतल्या अक्षरांना वर्णक्रमाने अंक द्यायचे आणि त्या अंकांखाली मजकूर ओळीने मांडायचा. मग अंकांच्या क्रमाने एकेक उभा स्तंभ उतरवून काढायचा. जे हाती आले ते पुन्हा दुसऱ्या किल्लीखाली मांडून परत स्तंभ उतरवायचे. कोणते पाच शब्द, हे संदेशातल्याच एका ठरावीक अक्षरगटातून कळवायचे. कागद फक्त चौकटी आखायला लागतो, बाकी सगळे डोक्यात.

आता हेच काम पोटमाळ्यावर, थंडीत, रस्त्यावरून वायरलेसची जागा हुडकणारी दिशाशोधक गाडी फिरत असताना करून पाहा. एक अक्षर गळले किंवा एक स्तंभ चुकीच्या क्रमाने उतरला की सगळा संदेश भुसा होतो. त्यातून हवेतला खडखडाट आणि मोर्समधल्या चुका. म्हणजे लंडनला येणाऱ्या संदेशांत चुका असणे हेच नेहमीचे. अशा ढिगात सोळाव्या अक्षराची चूक म्हणजे गोंगाटात कुजबुज. आणि ही कुजबुज ऐकू आली नाही तर माणूस घाईत असेल, विसरला असेल, हे स्पष्टीकरण तयार असते.

ते पुन्हा पुन्हा दिले गेले. खूण नसल्याची नोंद वाचणाऱ्यांनी केली नाही असे नाही. पण निर्णय डच विभागाचा होता आणि विभागप्रमुखाने, आधी चार्ल्स ब्लिझर्ड आणि १९४३ पासून सीमूर बिंगहॅम यांनी, एजंट चालूच ठेवले. १९४२ च्या वसंतात या विभागाकडे हॉलंडमध्ये दाखवण्यासारखे फार काही नव्हते. जो एक संच बोलत होता तो खोटा धरायचा तर सगळे दुकानच बंद. खूण तपासण्याचे काम ज्यांच्याकडे, त्यांच्याच विभागाची इभ्रत त्या खुणेवर टांगलेली. आमच्या मते या प्रकरणाचे मूळ इथे आहे. बाकीची दोन वर्षे इथूनच निघाली.

फ्रान्सच्या विभागात तर याहून वाईट झाले. तिथे दोन खुणा असत : एक शत्रूला सांगायची, एक खरी. १९४३ च्या जूनमध्ये पॅरिसमध्ये गिल्बर्ट नॉर्मन पकडला गेला आणि त्याच्या नावाने खरी खूण नसलेला संदेश आला. लंडनने उलट त्यालाच तंबी दिली की तू खरी खूण विसरलास, पुढच्या वेळी नीट कर. संच जर्मनांच्या हाती होता, म्हणजे दुसरी खूणही असते हे लंडनने त्यांना स्वतः सांगून टाकले. बडोद्यात जन्मलेल्या सूफी संगीतकार इनायत खान यांची मुलगी नूर त्याच विभागाची ऑपरेटर. तिच्या अटकेनंतर जर्मनांनी तिचाही संच चालवला, आणि त्यावर विसंबून पाठवलेले एजंट उतरताच पकडले गेले.

डाव चालवायची पद्धत

पहिली परीक्षा २७ मार्चच्या रात्री झाली. लंडनने स्टेनवाइकजवळ आर्नोल्ड बाटसनला उतरवायचे ठरवले. जमिनीवर दिव्यांचा त्रिकोण मांडून गिस्केसची माणसे उभी राहिली. लंडनला संशय आला असेल तर माणसाऐवजी बॉम्ब पडतील, ही भीती त्यांना होती. विमान आले आणि माणूस पडला.

त्यानंतर एक साचाच बसला. उतरणाऱ्याचे स्वागत डच बोलणारे लोक करीत, प्रेमाने, पाठ थोपटून. लंडनची हालहवाल विचारीत. पहाटेपर्यंत चालायचे आहे, वाटेत तपासणी होते, म्हणून पिस्तूल आणि कागद आमच्याकडे द्या, असे सांगत. मग बेड्या. काहींना तोवरच्या गप्पांत काय काय बोलून गेलो हे बेड्या पडल्यावर आठवले.

मग श्रायडरची पाळी. नव्या कैद्याला तो आधी काही विचारत नसे, सांगत असे : इंग्लंडमध्ये तुमचे प्रशिक्षण कोणत्या वाड्यात झाले, शिकवणारे कोण, तुमच्या आधी कोण आले. हे सगळे त्याला आधीच्या कैद्यांकडून कळलेले. प्रत्येक नवा माणूस दोन-चार कण भर घालून जाई आणि पुढच्याला दाखवायचे चित्र आणखी भरगच्च होई. कैद्याला मात्र त्याचा एकच अर्थ दिसे : लंडनमध्येच कुणीतरी फितूर आहे. ज्याला आपले मुख्यालयच विकले गेले आहे असे वाटते तो कुणासाठी तोंड बंद ठेवील? शिवाय श्रायडरने शब्द दिला होता की सहकार्य केले तर कुणाला मारणार नाही. कैद्यांना उत्तर ब्राबांटमधल्या हारेन गावच्या पाद्री-विद्यालयात ठेवले, शेजारशेजारच्या खोल्यांत.

वायरलेसची बाजू अधिक नाजूक होती. प्रत्येक ऑपरेटरचा मोर्स ठोकण्याचा हात वेगळा असतो. डॅश किती लांब ओढतो, कोणत्या अक्षरापाशी अडखळतो, हे लंडनमध्ये संदेश उतरवून घेणारी मुलगी महिनाभरात ओळखू लागते. सुरुवातीला लाउवर्सला स्वतः ठोकू दिले, शेजारी जर्मन ऑपरेटर. त्यानेही संधी सोडली नाही. संदेशात भरीला घालायच्या निरर्थक अक्षरांत त्याने 'पकडला गेलो' या अर्थाचा इंग्रजी शब्द तुकड्यांनी घुसवला. लंडनने भरीची अक्षरे भरीचीच समजून टाकून दिली. हे धोक्याचे आहे हे ओळखून गिस्केसने लंडनला कळवले की सुरक्षेसाठी स्थानिक राखीव ऑपरेटर तयार करतो आहोत. लंडनने होकार दिला. हात बदलल्याची शंका घ्यायला आता जागाच राहिली नाही, कारण हात बदलणार हे लंडनने स्वतः मंजूर केले होते. जर्मन पोलिसांचे मूठभर ऑपरेटर एका वेळी डझनभर संच चालवू लागले. भार फार झाला की गिस्केस एखाद्या एजंटला कागदोपत्री पकडवून टाकी आणि तशी दुःखद बातमी लंडनला कळवी. त्याने दुहेरी काम होई. संच कमी होत, आणि अधूनमधून माणसे पकडली जातात म्हणजे बाकीचे खरे आहेत, असेही वाटे.

घातपातही दाखवावे लागत. कोटवाइकच्या रेडिओ मनोऱ्यांवर हल्ला करा असा हुकूम आला, तेव्हा हल्ला केला पण भोवतीच्या सुरुंगांमुळे फसला, माणसे गमावली, असे कळवले. अपयश दाखवणे सोपे असते, विमानातून तपासता येत नाही. लंडनने उलट शाबासकी दिली आणि टाकोनिसला पदक जाहीर केले. तो तेव्हा कोठडीत होता. रॉटरडॅममध्ये मास नदीवर विमानांचे भंगार भरलेली एक नौका भर दिवसा लोकांसमोर उडवून दिली, म्हणजे गावातली कुजबुज दुसऱ्या वाटेने लंडनला पोचावी.

सगळ्यात अवघड होते ते यामब्रूस या एजंटचे प्रकरण. जून १९४२ मध्ये त्याला मोठ्या कामासाठी पाठवले होते : डच भूमिगत सेना उभी करणे. तो उतरताच पकडला गेला, पण लंडन सेनेचा अहवाल मागत राहिले. मग गिस्केसला ती सेना कागदावर उभारावी लागली. आकडा फार फुगवला तर तपासायला माणूस येईल, फार लहान ठेवला तर माल बंद होईल. शेवटी दीड हजार लोक शिकत आहेत असे सांगितले आणि त्यांच्यासाठी बूट, कपडे, तंबाखू मागितली. ती आलीसुद्धा. गिस्केसच्या हिशेबाप्रमाणे या दोन वर्षांत सुमारे पंधरा हजार किलो स्फोटके, ३,००० स्टेनगन, ७५ वायरलेस संच आणि ४० सायकली लंडनने पोचत्या केल्या. विमाने उतरवणीच्या वेळी पाडायची नाहीत, परतीच्या वाटेवर गाठायची, असा शिरस्ता होता. डझनभर बॉम्बर विमाने गेली.

एक गोष्ट मात्र गिस्केसला कधीच जमवता येणार नव्हती : कुणाला परत पाठवणे. लंडन यामब्रूसला सल्लामसलतीसाठी बोलावत होते, आणि दर वेळी काही ना काही आड येत होते. कधी तब्येत, कधी बोट चुकली, कधी वाटाड्या पकडला गेला. बाकी देशांतून माणसे येत-जात होती, हॉलंडची वाट एकमार्गी. ही एकच नोंद एका कोऱ्या कागदावर कुणी लिहून भिंतीला लावली असती, तर सोळाव्या अक्षराची गरज पडली नसती.

ज्याने पाहिले तो

एसओईच्या लिपी विभागात लिओ मार्क्स नावाचा जेमतेम बाविशीचा तरुण होता. त्याचे मुख्य काम न उलगडणारे संदेश उलगडणे. एजंटने केलेल्या चुका अंदाजाने शोधून, शेकडो किल्ल्या लावून भुसा पुन्हा मजकुरात आणायचा, म्हणजे त्या बिचाऱ्याला धोका पत्करून तोच संदेश पुन्हा ठोकावा लागू नये. हे काम करता करता त्याच्या लक्षात आले की फ्रान्स, नॉर्वे सगळीकडून असे बिघडलेले संदेश येतात, हॉलंडमधून येत नाहीत. पाठलाग चुकवत राहणारी माणसे इतकी शिस्तशीर? टेबल, दिवा, गरम खोली आणि तपासणारा दुसरा माणूस असल्याशिवाय लिपी इतकी स्वच्छ उतरत नाही.

त्याने केलेली दुसरी चाचणी त्याच्याच सांगण्यानुसार अशी. जर्मन ऑपरेटर आपसातले बोलणे संपवताना 'एचएच' ठोकत, हाइल हिटलरची आद्याक्षरे. एका डच संचाशी बोलणे संपवताना लंडनच्या ऑपरेटरने 'एचएच' ठोकले. पलीकडून तत्क्षणी उत्तर आले, 'एचएच'. सवयीचा हात डोक्याच्या आधी चालतो.

तरीही यंत्रणा हलली नाही. मार्क्सकडे पुरावा होता, पण तो अभावाचा होता, जे यायला हवे ते येत नाही असा. डच विभागाकडे रोजचे जिवंत संदेश होते. शिवाय ब्रिटिश गुप्तचर विभाग आणि एसओई यांचे विळ्याभोपळ्याचे सख्य. बाहेरून आलेली कुणकुण प्रतिस्पर्ध्याची चुगली वाटायची.

गंमत अशी, गंमत म्हणवत नाही पण, याच काळात लंडनमध्येच एमआय-५ हे खाते जर्मन हेरांचे संच चालवून बर्लिनला नाचवत होते. म्हणजे हा डाव कसा खेळतात हे त्या शहरात उत्तम ठाऊक होते. आपल्यावर तो खेळला जात असेल, हे मात्र शेजारच्या इमारतीपर्यंत गेले नाही.

खिडकीतून दोघे

२९ ऑगस्ट १९४३ च्या रात्री हारेनमधून पीटर दूरलाइन आणि बेन उबिंक कोठडीच्या दारावरच्या झरोक्यातून निसटले. टिलबर्गमध्ये लपले, मग बेल्जियम, फ्रान्स ओलांडून नोव्हेंबरात स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या डच वकिलातीत पोचले आणि सगळे सांगितले : सगळे पकडलेले आहेत, संच जर्मन चालवतात.

खरे तर इथे डाव संपायला हवा होता. गिस्केसने त्याआधीच एक खेळी करून ठेवली होती. आपल्याच ताब्यातल्या एका संचावरून त्याने लंडनला कळवले की दूरलाइन आणि उबिंक यांना गेस्टापोने पकडून फितवले आहे, सोडून दिले आहे आणि ते जर्मनांचे हेर म्हणून इंग्लंडला येत आहेत. बातमीतला अर्धा भाग खरा होता, ते निसटले होते आणि येत होते. खोटे होते ते फक्त कारण.

आता लंडनसमोर दोन साक्षी उभ्या होत्या. एकीकडे फाटक्या कपड्यांतले दोघे जण, दुसरीकडे दीड वर्षे 'विश्वासू' ठरलेला संच. १९४४ च्या फेब्रुवारीत दोघे इंग्लंडला पोचले, तेव्हा कसून उलटतपासणी झाली आणि त्यांना ब्रिक्स्टनच्या तुरुंगात टाकले. दोस्त सैन्याने फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर चढाई केल्यावर सुटका झाली. तरीही त्यांच्या सांगण्याचा आणि नोव्हेंबरात निसटलेल्या आणखी तिघांचा परिणाम व्हायचा तो झाला. लंडनचे संदेश फिके, पोकळ होत गेले. समोरचा आता खेळत नाही, फक्त पत्ते हातात धरून बसला आहे, हे गिस्केसने ओळखले.

१ एप्रिल १९४४ रोजी, तारीख मुद्दाम निवडून, त्याने सगळ्या चालू संचांवरून एकच संदेश पाठवला, लिपीविना, उघड इंग्रजीत. ब्लंट, बिंगहॅम आणि कंपनी, लंडन, यांच्या नावे. ब्लंट हे ब्लिझर्डचे टोपणनाव होते. आशय असा की हल्ली तुम्ही आमच्या मदतीशिवाय नेदरलँड्समध्ये धंदा करू पाहता, आम्ही इतकी वर्षे तुमचे एकमेव प्रतिनिधी असताना हे बरे नव्हे, तरी केव्हा युरोपात यायचे झाले तर तुमच्या आधीच्या माणसांप्रमाणेच तुमचीही सरबराई करू.

कैद्यांना दिलेला शब्द बर्लिनने पाळला नाही. त्यांना पूर्वेला हलवले आणि सप्टेंबर १९४४ च्या पहिल्या आठवड्यात माउटहाउझेनच्या छळछावणीत नेऊन, दगडाच्या खाणीत दोन दिवसांत मारले. त्यांत चाळीसच्या आसपास डच एजंट होते. टाकोनिस आणि बाटसन त्यांच्यातच. लाउवर्स वाचला.

युद्धानंतर डच संसदेने चौकशी समिती नेमली. हॉलंडमध्ये तोवर पक्का समज झाला होता की ब्रिटिशांनी हे जाणूनबुजून केले, चढाई हॉलंडमध्येच होणार असे जर्मनांना वाटावे म्हणून चाळीस-पन्नास पोरे बळी दिली. लाउवर्सने इतक्या वेळा सांगूनही कुणाला कळले नाही, हे लोकांच्या गळी उतरेना. समितीने साक्षी घेतल्या, लंडनच्या लोकांनाही विचारले आणि निष्कर्ष काढला की फितुरीचा पुरावा नाही, चुकाच होत्या. पुष्कळ नातेवाइकांना तो निष्कर्ष कधी पटला नाही.